बेडा म्हणजे नको

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ झाला. पण त्यातला एक मूर्खपणा दोन अक्षरांचा होता, आणि त्या दोन अक्षरांनी जयलक्ष्मीपुरमातल्या तीन आंधळ्या बायकांचे संगणक मुके केले. ती अक्षरं म्हणजे ‘बेडा’.

आम्ही नवऱ्याच्या बदलीमुळे सांगलीहून म्हैसूरला येऊन दोन महिने झाले होते. सांगलीत मी तंत्रनिकेतनात संगणक शिकवत होते. ती नोकरी सोडून आल्यामुळे हातात वेळ होता आणि डोक्यात वारं होतं. वय सत्तेचाळीस. म्हणजे शहाणं व्हायला पुरेसं, पण मी घाई केली नव्हती. कुवेंपुनगरात आमच्या दारी भाजीवाला यायचा. तो रोज विचारायचा, ‘‘करिबेवु बेका? बेडवा?’’ म्हणजे कढीपत्ता हवा का, नको का? मी दोन्ही प्रश्नांना तोंडभर हसून मान डोलवायची. त्यामुळे घरात कधी कढीपत्त्याच्या तीन जुड्या, तर कधी आमटीला एक पान नाही. एवढं होऊनही ‘बेडा’ म्हणजे ‘नको’ हे या विदुषीला उमगलं नव्हतं.

तर मी एक प्रोग्राम लिहिला. ‘बोलकं पंचांग’. सकाळी संगणक सुरू केला की तो तिथी, वार, नक्षत्र मोठ्यानं सांगायचा. कुणी मागितला होता? कुणीही नाही. तो मी इथल्या एका लिनक्सच्या मंडळाकडे पाठवला. त्यांचा नियम असा, की नवं काही आत घालायचं तर एका जुन्या माणसाला विचारायचं, त्यानं होकार दिला की आपणच चढवायचं. मला ज्या जुन्या माणसाकडे धाडलं त्यांचं उत्तर रोमन लिपीत आलं. एकच शब्द. Beda.

मी वाचलं, ‘बेडा’. बेडा पार! नवऱ्याला हाक मारली. तोही माझ्याच तोलामोलाचा. म्हणाला, ‘‘वा! बेडा पार म्हणजे झालंच की!’’ मी शिरा केला. आम्ही दोघांनी शिरा खाल्ला, आणि बोटं पुसून मी पंचांग चढवून दिलं.

तो जुना माणूस म्हणजे आमचे बेडप्पा.

त्यांचं खरं नाव नागोजीराव. म्हैसूरच्या जुन्या मराठा घराण्यातले. त्यांचे पूर्वज कधीकाळी इथल्या राजाच्या फौजेत शिपाई होते, आणि पहाऱ्याचा गुण रक्तात उरला होता असं मला कायम वाटायचं. सरस्वतीपुरमात राहायचे. एका कारखान्याच्या भांडारात तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळाला गंधाची एक रेघ, आणि चेहरा असा, की समोरच्यानं आपण कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरलो की काय म्हणून खाली बघावं. कन्नडमध्ये ‘बेडप्पा’ म्हणजे ‘नको रे बाबा’. मंडळातल्या पोरांनी हे नाव ठेवलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. ‘‘खरं तेच नाव,’’ म्हणायचे. ‘‘दुसरं आईबापांनी सुम्ने ठेवलं.’’ सुम्ने म्हणजे उगीचच. जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांच्या मते सुम्ने होत्या.

आमच्या मंडळाच्या लिनक्सचं नाव ‘अळिलु’. कन्नडमध्ये खार. सेतू बांधताना चिमूटभर वाळू आणणारी ती. जुनाट, टाकून दिलेल्या संगणकांवर चालेल, कन्नड-मराठीत बोलेल, आणि शाळा-वाचनालयांना फुकट देता येईल अशी ही व्यवस्था. ती सांभाळायला पगारी माणूस एकही नाही. सगळे हौशी. लिनक्समध्ये जो प्रत्येक सुटा प्रोग्राम घालायचा त्याला पॅकेज म्हणतात, आणि ज्यानं तो घातला त्यानं तो पुढे सांभाळायचा असतो. मोडला तर दुरुस्त करायचा, जुना झाला तर बदलायचा. घालायला एक दुपार पुरते. सांभाळायला जन्म जातो. म्हणून घालणारे हजार आणि सांभाळणारे पाच, हे गणित जगभर सारखंच.

या हजारांबद्दल बेडप्पांच्या मनात जो तुच्छभाव होता, तसा मी नंतर कुठे पाहिला नाही. ‘‘खारीनं काय आणलं? चिमूटभर वाळू. अल्वा?’’ अल्वा म्हणजे ‘नाही का’, पण त्यांच्या तोंडी तो प्रश्न नसून थप्पड असायची. ‘‘आणि तुम्ही लोक लॉरी घेऊन येता, ओतता, आणि लॉरीसकट पळता. खाली कोण गाडलं गेलं ते बघायलासुद्धा थांबत नाही.’’

त्यांच्या बैठकीच्या खोलीत रविवारी सकाळी मंडळ भरायचं. कुणी ना कुणी नवा उत्साही जीव आपलं पॅकेज घेऊन यायचा. बेडप्पा कॉफी मागवायचे ती ‘बाय टू’. म्हणजे एक पेला दोघांत. घरी, स्वतःच्या बायकोनं केलेली कॉफीसुद्धा बाय टू. तो अर्धा पेला पाहुण्याच्या हातात देऊन ते एकच प्रश्न विचारायचे. ‘‘आयतु. चांगलंय. तुम्ही गेल्यावर कोण?’’

‘‘गेल्यावर म्हणजे? कुठे?’’

‘‘कुठेही. अमेरिकेला जा, लग्न करून जा, कंटाळून जा, वर जा. कोण बघणार?’’

उत्साही जीव गडबडायचा. कुणी ‘समाज बघेल’ म्हणायचा, कुणी ‘कोणीतरी मिळेल’. बेडप्पा खिशातलं पेन काढून वहीत लिहायचे, ‘कोणीतरी’. त्यांच्या वहीत एक पानभर नुसते ‘कोणीतरी’ होते. ‘‘भांडारात मी तीस वर्षं या माणसाची वाट बघितली,’’ म्हणायचे. ‘‘आला नाही.’’

हे सगळं मला पुढे कळलं; तेव्हा फोनवरच्या दोन-चार बोलण्यांवरून मी त्यांना काय समजत होते ते सांगते. अडगळीतला म्हातारा. नवं दिसलं की अंगावर येणारा. शिवाय त्यांची मराठी! लिंग-वचनाचा पत्ता नाही, निम्मे शब्द कानडी. सांगलीची मी, जणू व्याकरण माझ्या माहेरहून निघालं होतं. पंचांग चढवल्यावर त्यांचा फोन आला तो मंगळवारी सकाळी.

‘‘अक्का,’’ ते म्हणाले. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणतो, हाही मला तेव्हा अपमानच वाटायचा. ‘‘ते पंचांग तुमचा काय?’’

‘‘हो! आवडलं?’’

‘‘शारदम्माचा मशीन मुका झाला.’’

‘‘मुकं झालं,’’ मी म्हणाले.

हो. हे मी बोलले. तिकडे आग लागली होती, आणि मी ‘लागली’ की ‘लागलं’ ते बघत होते.

मग ते म्हणाले, ‘‘मी बेडा म्हणून लिहिला होता. तुम्हाला कन्नड येत नाही अल्वा?’’ तेवढ्यात भाजीवाला दारात ओरडला, ‘‘बेकाऽऽ? बेडवाऽऽ?’’ आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. दोन महिने उशिरा.

झालं होतं ते असं. मंडळात जे चढवलं, ते अळिलुच्या सगळ्या संगणकांवर आपोआप जाऊन बसायचं. काही पाहुणे एकटे येत नाहीत, आपली माणसं बरोबर घेऊन येतात. माझ्या पंचांगाला बोलायला वाणीचा एक नवा भाग लागत होता. त्यानं आत येताच तिथला जुना भाग उचलून बाहेर टाकला. आणि आंधळ्यांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा कन्नड आवाज त्या जुन्या भागावर चालत होता. जयलक्ष्मीपुरमात एका संस्थेच्या खोलीत शारदम्मा आणि आणखी दोघी टंकलेखन करायच्या. कानात कॅसेटवरचा मजकूर ऐकायचा, तो टंकायचा, आणि संगणक एकेक शब्द परत बोलून दाखवी तो तपासायचा. त्या मंगळवारी तिघींनी संगणक सुरू केले. यंत्रांनी गोड आवाजात माझ्या पंचांगातली तिथी सांगितली आणि नंतर चकार शब्द काढला नाही.

आम्ही दोघं तिकडे निघालो तेव्हा बसमध्ये बेडप्पांनी बाकीचं सांगितलं, खिडकीकडे बघत. या तिघी आधी संस्थेत वेताच्या खुर्च्या विणायच्या. बोटं सोलून निघायची. एका प्रकाशकानं त्यांना पाककृतींचं एक पुस्तक टंकायला दिलं होतं, चाचणी म्हणून. शनिवारी ते हातात पडलं तर पुढचं काम कायम. नाही पडलं तर परत खुर्च्या.

‘‘आणि किती राहिलंय?’’ मी विचारलं.

‘‘पुस्तकाचा पाव.’’

खोलीत शिरल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. इंग्रजीत, कारण दुसरं काही येत नव्हतं. शारदम्मा चाळिशीची, ठेंगणी, केसांत मोगरा. तिनं आवाजाच्या दिशेला मान वळवून बेडप्पांना कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. ते म्हणाले, ‘‘विचारते, पंचांगवाली हीच काय?’’

दुरुस्ती सोपी नव्हती. माझं पॅकेज काढलं तरी जुना भाग आपोआप परत येत नव्हता. तो ज्यानं लिहिला तो माणूस कधीच गायब झालेला, आणि त्या जुन्या यंत्रांवर तो हातानं पुन्हा बसवायला बेडप्पांना दोन दिवस लागणार होते. ते जमिनीवर मांडी घालून बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले, ‘‘तुम्ही मशीनचा आवाज घालवला. आता तुम्हीच मशीन व्हा. शारदम्मा टंकील, तुम्ही पडद्यावरचं वाचा.’’

‘‘मला कन्नड वाचता येत नाही!’’

‘‘माहीत आहे,’’ ते म्हणाले, आणि पिशवीतून त्यांनी शाळकरी मुलांचा कन्नड मुळाक्षरांचा तक्ता काढून भिंतीला लावला. येतानाच आणला होता. अ अरसाचा, आ आनेचा. राजा आणि हत्ती. तंत्रनिकेतनातली माजी व्याख्याती त्या हत्तीपुढे बसली.

दोन दिवस मी वाचलं. अक्षर पडद्यावर बघायचं, मान वळवून तक्त्यात शोधायचं, आपल्या बाराखडीशी जुळवायचं आणि उच्चारायचं. अर्थ एका शब्दाचा कळत नव्हता. शारदम्माला कानांत कॅसेट, हाताखाली कळा आणि शेजारी मी, असा तिहेरी त्रास. बुधवारी दुपारी मी ‘येरडु चमचा हुली’ असं वाचल्यावर तिनं हात थांबवले. बाकीच्या दोघींनीही थांबवले. मग तिघी जणी इतक्या हसल्या की मोगरा गळून खाली पडला. हुळी म्हणजे चिंचेचं आंबट. हुली म्हणजे वाघ. मी ‘ळ’चा ‘ल’ केला होता. आमटीत दोन चमचे वाघ घालायला लावला होता.

मी चिडून बेडप्पांकडे बघितलं. ते यंत्रातून डोकंही न काढता म्हणाले, ‘‘पुढे वाचा. तुमच्या पंचांगापेक्षा बरं सांगताय.’’

गुरुवारी संध्याकाळी पहिलं यंत्र बोललं. खरखरीत, नाकात बोलणारा तो जुना आवाज. शारदम्मानं पडद्याच्या काचेवर हात ठेवला. शनिवारी पुस्तक गेलं. प्रकाशकानं लाल शाईनं नऊ चुका दाखवल्या. त्यांतल्या सहा मी वाचलेल्या पानांतल्या होत्या, आणि एका सांबारात वाघ तसाच राहिला होता. पण काम कायम झालं. खुर्च्या सुटल्या.

मला वाटलं, आता मंडळातून हाकलतील. रविवारी बेडप्पांनी अर्धा पेला कॉफी दिली आणि वहीतलं एक पान फाडून हातात ठेवलं. त्यावर त्या जुन्या वाणीच्या भागाचं नाव होतं. ‘‘ह्याला आई नाही, बाप नाही. घ्या, पाळा.’’ त्याच बैठकीत त्यांनी नवा नियम मांडला. नवं पॅकेज आणायचं असेल त्यानं आधी एक अनाथ पॅकेज दत्तक घ्यायचं, सहा महिने सांभाळून दाखवायचं, आणि मग विचारायचं. पोरं खवळली. ‘‘अशानं नवं काही येणारच नाही!’’ एक जण ओरडला. ‘‘आयतु,’’ बेडप्पा म्हणाले. ठीक.

नियमाच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं कोण बोललं? मी. बाटलेला जरा जास्तच मोठ्यानं बांग देतो म्हणतात, तशी. आठवड्यापूर्वी ज्यांना मी अडगळ समजत होते, त्यांच्या वतीनं मी तावातावानं भांडत होते, आणि ते माझ्याकडे बघत होते ते, कबूल करते, त्याच तुच्छतेनं. म्हणाले, ‘‘अक्का, तुम्ही बोलू नका. तुम्ही बोलला की लोकांना पंचांग आठवतो.’’

त्यांना संत करायची माझी इच्छा नाही. माणूस हट्टी होता, आणि हट्ट कधीकधी निव्वळ हट्टच असायचा. छापील पानाचं छायाचित्र घेऊन त्यातली कन्नड अक्षरं ओळखणारा एक प्रोग्राम शारदम्माला हवा होता. दोन वर्षं हे ‘बेडा’ म्हणत राहिले. लिहिणारा परदेशात, पत्रांना उत्तर देत नाही, कोण बघणार? मी भांडले, चिडले, एकदा दोन रविवार गेले नाही. शेवटी शारदम्मा स्वतः काठी टेकत सरस्वतीपुरमात त्यांच्या दारात आली. म्हणाली, ‘‘नानु नोडतीनि.’’ मी बघते. आंधळी बाई म्हणाली, मी बघते. बेडप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या प्रश्नाला एवढं एकच उत्तर होतं जे त्यांना खोडता यायचं नाही. त्यांनी तिला सहा महिने शिकवलं, आणि तो प्रोग्राम आजही तिच्या नावावर आहे.

मीही तो वाणीचा भाग इतकी वर्षं पाळते आहे. त्यात कौतुकाचं काही नाही. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्या खालचं काहीतरी बदलतं, मग याचं कुठेतरी दुखतं, मग मी बसते. नात म्हणते, ‘‘आजी, हे काम कुणाला दिसतसुद्धा नाही.’’ मी म्हणते, दिसू नये म्हणूनच तर करते. दिसलं म्हणजे कुणीतरी मुकं झालेलं असतं.

गेल्या काही वर्षांत तर यंत्रंच प्रोग्राम लिहायला लागली. एका बहाद्दरानं आमच्याकडे एका आठवड्यात सतरा पॅकेजं पाठवली. तुम्ही गेल्यावर कोण, म्हणून विचारलं तर म्हणाला, यंत्र बघेल. मी हे बेडप्पांना फोनवर सांगितलं. ते तेव्हा आजारी होते, बोलताना धाप लागायची. ते हसले. ‘‘पूर्वी कोणीतरी होता. आता यंत्र आहे. काय लिहिला तुम्ही?’’

‘‘बेडा लिहिलं.’’

‘‘खाली अर्थ लिहिला?’’

लिहिला होता. इंग्रजीत आणि हिंदीत. मी एकदा पोळलेली आहे.

आजारपणाच्या त्या वर्षात त्यांनी एक काम केलं. त्यांच्या नावावर चाळीस-एक पॅकेजं होती. ती एकेक करून त्यांनी वाटली. फोन करायचे, ‘‘अक्का, हे घ्या. शांत आहे, त्रास देत नाही.’’ किंवा, ‘‘हे वांड आहे, ते तुम्हाला नको, शारदम्माला देतो.’’ मुली उजवाव्यात तसं. वही भरत गेली. ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही पॅकेज नव्हतं. स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं, चाळीस ओळींत, आणि त्यात ‘कोणीतरी’ कुठेही नव्हता.

जाण्याआधी मला एवढंच सांगितलं होतं, की माझ्या मशीनवर माझ्या सहीची किल्ली आहे, म्हणजे पॅकेज मीच चढवलं हे पटवणारी गुप्त फाइल, ती पुसून टाका. दुसऱ्या कुणाच्या हाती लागून माझ्या नावानं भलतंच आत जायला नको. तेराव्यानंतर एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी कॉफी दिली. अर्धा पेला. मी यंत्र सुरू केलं.

‘‘आज शुद्ध द्वादशी,’’ यंत्र म्हणालं. ‘‘वार गुरुवार.’’

तो खरखरीत, नाकातला आवाज. आणि माझं पंचांग. मी आत शिरून बघितलं. त्यांनी त्यातला नवा वाणीचा भाग काढून जुना बसवला होता, जो मी सांभाळते तो. कुणाचं काही न मोडता ते चालत होतं. मंडळात कुणाला कळू दिलं नव्हतं. बाकी सगळं मी लिहिलं होतं तसंच, चुकीसकट. तिथी सूर्योदयाची धरायची असते. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या विदुषीनं ती मध्यरात्रीची धरली होती. त्यामुळे आठवड्यातून एखाद-दोन दिवस पंचांग खोटं बोलायचं. भिंतीवरच्या छापील पंचांगात त्या दिवशी त्रयोदशी होती.

‘‘वहिनी, हे रोज चालायचं?’’

‘‘रोज. सोळा-सतरा वर्षं झाली. उठले की हे लावायचे. मग भिंतीवरचा बघायचे. बरोबर असला तर गप्प. चुकला की ‘चुकला!’ म्हणून ओरडायचे आणि आंघोळीला जायचे. चुकला त्या दिवशी खूश असायचे.’’

मी किल्ली पुसली. ते काम दोन मिनिटांचं होतं. मग जराशी बसले, आणि मला माझीच लाज वाटली. इतक्या वर्षांत ती चूक मी दुरुस्तसुद्धा केली नव्हती. मी म्हणाले, ‘‘वहिनी, हेही काढून टाकते. खोटं सांगतंय, आणि आता याला बघणार कोण?’’

वहिनी भिंतीवरच्या पंचांगाचं पान सरळ करत होत्या. वळून म्हणाल्या, ‘‘बेडा, अक्का. चुकला म्हणून सांगायला मी आहे अल्वा?’’